दहाची नळी

१

वॉल्टर हॉर्सफॉल वरच्या मजल्यावर आपल्या बिछान्यात गारठून निळा पडलेला सापडला, तेव्हा खाली त्याच्या लेकीच्या बैठकीतली माझी खुर्ची अजून गरम असणार. मी नुकतीच तिथून निघाले होते. हातात उरलेल्या केकची पुडी होती आणि त्या घरची ऊब अंगात होती.

आमच्या चॅपेलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, महिला मंडळाचा चहा दर महिन्याला एकीच्या घरी असतो. जानेवारीत पाळी होती जीन बॉटमलीची, म्हणजे वॉल्टरच्या लेकीची. खरं सांगायचं तर त्या गुरुवारी आम्ही केकसाठी गेलोच नव्हतो, रेडिएटर बघायला गेलो होतो. थंडीच्या तोंडावर जीनकडे नवा बॉयलर बसला होता आणि त्याच्या गरम पाण्यानं खोली तापवणारे रेडिएटर खोलीखोलीत आले होते. आमच्या क्रॅगशॉ गावात निम्मी माणसं अजून कोट घालून जेवतात, तिथे ही बातमीच होती. मंडळाच्या अध्यक्षा हिल्डा शॅकलटननं घरभर फिरून एकेका रेडिएटरवर हात ठेवला, लहान मुलाचा ताप बघावा तसा.

हिल्डाचं नाक तिखट. तिला घरी बोलवायचं म्हणजे आधी घर धुऊन काढायचं, हे गावातल्या बायकांना पाठ आहे. जीनच्या घरातही फिनेलचा वास भरून राहिला होता. स्वयंपाकघरात छताच्या दांडीवर चादरी वाळत होत्या. त्या बघून हिल्डाची भुवई वर गेली.

"गुरुवारी धुणं, जीन?"

"सोमवारी मशीन बिघडलं होतं," जीन म्हणाली आणि लाल झाली. आमच्याकडे धुणं सोमवारीच असतं. गुरुवारी चादर वाळत घालणाऱ्या बाईबद्दल लोक काहीबाही बोलतात.

चहाचा दुसरा कप चालू असताना वरून 'ठक्' असा आवाज आला. एकच. जीननं छताकडे पाहिलं आणि कप ठेवून ती उठायला लागली.

"बस गं," मी म्हणाले, "नळी आहे ती. तांबं तापलं की लांबतं, लाकडावर घासतं आणि ठोका देतं. नव्या नळ्या पहिल्या हिवाळ्यात बोलतातच."

चॅपेलच्या जुन्या नळ्या ऐन प्रार्थनेत कशा ठोका देतात, याची मी नक्कलही केली. सगळ्या खळखळून हसल्या. जीन बसली. या बाबतीत माझा शब्द गावात शेवटचा असतो. कुठल्या खोलीला किती रुंद नळी लागेल हे ठरवायला मी तंत्रशाळेत उभी हयात शिकवलं, आणि अजून सारं गाव मला 'बाई' म्हणतं.

संध्याकाळी जीनचा नवरा रॉय कामावरून आला आणि सासऱ्याला कोको द्यायला वर गेला. म्हातारा शुद्धीवर नव्हता. रेडिएटर दगडासारखा गार होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यानंही त्यावर हात ठेवून मान हलवली म्हणे. वॉल्टर वाचला, पण फुप्फुसांत पाणी झालं आणि तो इस्पितळात राहिला. रविवारपर्यंत गावानं निकालही लावून टाकला, की काम करणाऱ्यानं तांबं वाचवायला पेन्सिलीएवढ्या नळ्या घातल्या आणि एका म्हाताऱ्याचा जीव जाता जाता राहिला.

काम करणारा होता डेनिस क्रॅबट्री, माझाच जुना विद्यार्थी. मंगळवारी तो माझ्या दारात टोपी चुरगाळत उभा राहिला.

"बाई, शॅकलटनबाईंनी काम रद्द केलं. त्यांच्या जावेनंही. चॅपेलच्या नळ्या वसंतात मी बदलणार होतो, तेही गेलंच समजा."

"मग माझ्याकडे काय काढलंस?"

"तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा. तुम्ही चूक म्हणालात तर मी मान्य करीन आणि गाव सोडीन. माझी बायको शीला तर सामान बांधायलाच निघालीय. पण तुम्ही बघितल्याशिवाय नाही."

"चुकला असलास तर चारचौघांत सांगेन हं."

"म्हणूनच आलो, बाई."

२

बुधवारी आम्ही जीनकडे गेलो, तर हिल्डा सूपचं पातेलं घेऊन आधीच हजर. रॉय स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नाताळचे उरलेले अक्रोड दाराच्या फटीत धरून फोडत होता. दार मिटलं की कडाड्, आणि टरफलं जमिनीवर.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अक्रोड फोडायचा चिमटा गायब आहे. नाताळात होता. घरात वस्तूंना पाय फुटतात हल्ली."

"असेल कुठेतरी," जीन पाठमोरीच म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

आम्ही वर वॉल्टरच्या खोलीत गेलो; ही मागची बेडरूम थेट बैठकीच्या वर आहे. बिछाना उघडा होता, उशाशी वॉल्टरची काठी टेकवलेली. रेडिएटरची चालू-बंद करायची मूठ पूर्ण उघडी होती. मी वर हात ठेवला. कोमट लागला.

"त्या दिवशी एवढाही नव्हता," रॉय म्हणाला. "मूठ अशीच पूर्ण उघडी. आणि वर खिडकी सताड उघडी! जीन म्हणते बाबांना हवा लागते. मी राबराब राबून गॅस जाळायचा आणि यांनी डोंगर गरम करायचा."

"आजारी माणसाबद्दल असं बोलू नये, रॉय," हिल्डा म्हणाली. रॉय गप्प बसला, पण त्याची चीड काही लपली नाही.

डेनिसनं जमिनीची फळी उचलली. खाली तुळयांत खाचा पाडल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत जाड लोकरी कापडाची पट्टी घालून तिच्यावर नळी निजवली होती. नीटनेटकं काम. ती पट्टी घालायला मीच शिकवलं होतं, म्हणून मला जरा बरंही वाटलं. पण नळी करंगळीएवढी होती.

"दहा मिलिमीटरची?"

"दहाचीच, बाई. पण त्याचं असं आहे—"

नळी बाथरूमच्या भिंतीकडे जाताना दिसत होती. मी पुढचं ऐकलंच नाही. "बाथरूमचा रेडिएटरही हिच्यावरच? दोन रेडिएटर, इतक्या लांब, आणि दहाची नळी? अरे, पंधराची हवी होती! लागेल तेवढं पाणीच जाणार नाही हिच्यातून. वर्गात घसा फोडून सांगितलं होतं मी."

"बाई, बाथरूमला—"

"म्हणजे नळी बारीक आहे," हिल्डा दारातून म्हणाली. तिला एक शब्द हवा होता.

"बारीक आहे," मी म्हणाले.

डेनिसनं माझ्याकडे पाहिलं. भांडेल असं मला वाटलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, फळी जागेवर ठेवली आणि एकेक स्क्रू घट्ट आवळला. "तुम्ही म्हणता तर," एवढंच बोलला आणि जिना उतरून गेला. आपला विद्यार्थी असून आपण भीड ठेवली नाही, या कौतुकात मी घरी आले. ते कौतुक आठवलं की अजून कान तापतात माझे.

३

रात्रीचा एकच कप विसळत होते. पाणी गार यायला लागलं म्हणून नळ जरा बंद केला, तर धार बारीक झाली. बारीक झाली, पण थांबली नाही. माझा हात तिथेच राहिला.

बारीक नळी कमी पाणी देते. कमी म्हणजे काहीच नाही असं नव्हे. नळी बारीक असती तर गुरुवारी रेडिएटर कोमट असता, जसा आज होता. पण रॉयनं हात लावला तेव्हा तो दगड होता, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याच्या हातालाही दगडच लागला. मधल्या दिवसांत नळी काही जाड झाली नव्हती. मग दुसरं काहीतरी बदललं होतं, आणि ते कुणाच्या तरी हातानं बदललं होतं.

हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मी नळी बघितली आणि अक्कल तिथेच फळीखाली ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळ गाठलं. वॉल्टर उशांना टेकून बसला होता. उमेदीत त्यानं गिरणीचा बॉयलर सांभाळला होता. आता संधिवातानं बोटं अशी वाकली होती की नर्स कप त्याच्या ओठांशी धरून चहा पाजत होती.

"ये, ऑड्री पोरी," तो म्हणाला. माझी साठी उलटली तरी त्याच्या लेखी मी पोरच. "केक आणलास की नुसतंच तोंड?"

"नुसतंच तोंड. आणि तेही फारसं दाखवण्यासारखं राहिलेलं नाही. तुमच्या नळ्यांचं विचारायला आले."

"नळ्यांना काय झालंय? झकास आहेत. त्या डेनिसला सांग, म्हातारा म्हणाला झकास आहेत. थंडीभर मी राजासारखा झोपलो त्या खोलीत."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी थंडी होती."

"खिडकी तुम्ही उघडलीत?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं आणि हसला. "हो. मीच."

कप धरता न येणारा माणूस ती जड, वर सरकवायची खिडकी उघडतो म्हणे! खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हे उघड होतं.

"आणि काठी? उशाशी काठी असते तुमच्या. हाक का नाही मारलीत?"

"खाली पाहुणे होते, पोरी. हसत होते छान." मग तो थांबला. "पोरीला माझ्यापायी कमी का त्रास आहे?"

तेवढ्यात दुसरी नर्स घडी केलेली रबरी चादर घेऊन आली. "चला वॉल्टर, कोरडं करून घेऊ या तुम्हाला."

"आत्ता नको," तो पुटपुटला. "बाई बसल्यात."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मानेपर्यंत लाल झाला होता. गिरणीत भल्याभल्यांना दम देणारा माणूस तो. मी उठले आणि खिडकीबाहेर मोटारींकडे बघत उभी राहिले. मग तशीच निघून आले.

४

वॉल्टरला झाकायचं होतं कुणाला? त्याच्यावर गुरगुरणारा घरात एकच होता. शनिवारी जीन बाजारात गेलेली बघून मी रॉयला गाठलं.

तो मागच्या शेडमध्ये होता. भिंतीवर त्याची हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाभोवती खडूनं त्याचा आकार काढलेला. एकही जागा रिकामी नव्हती.

"रॉय, सरळ विचारते. म्हाताऱ्याचा रेडिएटर तू बंद केलास?"

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मी? मी बडबडतो, बाई. बडबडतोच. पण रोज रात्री कोको कोण नेतं वर? त्याच्याशी पत्ते कोण खेळतं? एका हाताला माझी पानं आणि दुसऱ्या हाताला त्याची धरून बसतो मी, कारण त्याला धरता येत नाहीत!"

"बरं. मला वर जाऊन बघू दे."

"बघा की! आणि मला बंदच करायचा असता तर हा पाना आहे, ती पक्कड आहे. मागे खूणही राहिली नसती."

हे वाक्य माझ्या कामाचं निघालं.

रेडिएटरला दोन टोकं असतात. एका टोकाला घरच्यांनी फिरवायची मूठ. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली एक पितळी दांडा असतो, तो बसवणाऱ्यानं एकदाच लावायचा आणि मग कुणी हात लावायचा नाही. तो बंद केला तर मूठ कितीही उघडा, रेडिएटर गारच. डेनिस त्या दांड्यावर आणि खालच्या पितळेवर समोरासमोर बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके लावतो, कुणी छेडलं तर कळावं म्हणून. मी वर जाऊन टोपी काढली. ठिपके समोरासमोर नव्हते. दांडा पुरा बंद करून पुन्हा अर्धामुर्धाच उघडलेला होता, म्हणून बुधवारची ती कोमट ऊब. आणि पितळेवर ओरखडे होते, जाडे आणि लांब लांब पडलेले. पक्कडीचे दात बारीक असतात. डेनिसकडे त्याचं नेमकं हत्यार होतं, रॉयकडे भिंतभर हत्यारं होती, आणि वॉल्टरला बोटंच नव्हती. हे काम अशा कुणाचं होतं, जिला हत्यार म्हणून स्वयंपाकघराचा खणच माहीत.

लगेच जीनला शोधायला हवं होतं, पण आधी एक दुसरी गोष्ट करावी लागली. मी बाथरूममध्ये जाऊन खाली वाकून पाहिलं. तिथली नळी जिन्याकडून आली होती, वेगळी, पंधराची. मागच्या खोलीच्या नळीचा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. दहाच्या नळीवर एकच रेडिएटर होता, आणि तेवढ्या खोलीला ती नळी पुरून उरत होती. डेनिस दोनदा हेच सांगायला निघाला होता आणि दोन्ही वेळा मी त्याचं तोंड बंद केलं होतं. टबाच्या कडेवर बसून राहिले. मग ते हत्यार शोधायला उठले.

घरात नवऱ्याचा हात कधी जात नाही अशी जागा म्हणजे चादरींचं कपाट. ते जिन्याच्या तोंडाशी होतं. चादरींच्या मागे रबरी चादरींची चळत होती, इस्पितळात होत्या तशा. आणि चळतीखाली अक्रोड फोडायचा चिमटा. त्याच्या दातांत लाल नेलपॉलिशचा कण अडकला होता.

"ते तिथेच ठेवा, बाई," मागून आवाज आला. जीन जिन्यात उभी होती. हातातल्या पिशवीतले बटाटे एकेक करून पायऱ्यांवरून खाली घरंगळत होते.

५

रॉय शेडमध्येच होता. आम्ही दोघी कपाटापुढे जमिनीवर बसलो. जीन भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती.

"बाबांचं गेल्या उन्हाळ्यापासून असं होतं. रोज. कधी दोनदा. त्यांनी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, रॉयलाही नाही. म्हणून तो कामावर गेला की मी धुते. सोमवारची वाट बघून कसं चालेल? रेडिएटर आले, बाबा खूश झाले. पण खोली तापली की वास खाली येतो, बाई. डिसेंबरात शॅकलटनबाई आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, जीन, मांजर पाळलंस का गं?"

तिनं तोंडावर हात घेतला. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि जानेवारीत तर सगळ्याच येणार होतात. मी मूठ बंद केली की बाबा दोन्ही तळव्यांनी ती परत उघडायचे. म्हणून ते झोपलेले असताना टोपी काढली. खिडकी उघडली. अंगावर दोन घोंगड्या घातल्या. म्हटलं, चहा होईपर्यंतचा तर प्रश्न आहे. पण केक सगळ्यांना आवडला, कुणी उठेना... मला इतकं बरं वाटत होतं, बाई. कित्येक महिन्यांनी घरात चार माणसं हसत होती."

"आणि नंतर तू तो उघडलास."

"रॉय फोनकडे धावला तेव्हा खिडकी लावली, आणि बाबांना नेल्यावर तो दांडा फिरवला. किती फिरवायचा ते मला कुठे ठाऊक. मग सगळे डेनिसचं नाव घ्यायला लागले आणि मी गप्प बसले. रोज ठरवते आज सांगीन, आणि जीभ उचलत नाही." तिनं माझा हात धरला. "पण एक मला कळत नाही. बाबांना काही हवं असलं की ते काठी आपटतात. एकदा आपटली तरी मी धावते. कधी चुकले नाही. त्या दिवशी त्यांनी का नाही आपटली?"

खरं तर या घराचं कोडं इथेच सुटलं होतं. डेनिस निर्दोष होता, हात कुणाचा होता ते कळलं होतं, चिमटाही सापडला होता. पण तिच्या त्या प्रश्नानं माझ्या डोळ्यांपुढे फळीखालची ती लोकरी पट्टी आली. पट्टी घालतात कशासाठी? तांबं लाकडाला घासू नये आणि नळी वाजू नये म्हणून. मीच शिकवलेलं. आणि त्या खोलीचं पाणी तर तेव्हा बंदच होतं. गार नळी लांबत नाही. ठोका देत नाही.

न सांगता निघून जाता आलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही.

"जीन," मी म्हणाले, "आपटली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं, आणि मला नजर वळवायचाही हक्क नव्हता.

"मी उठले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, बस."

"हो."

"आणि मग सगळ्या हसल्या."

मी हसवलं होतं त्यांना. भिजलेल्या बिछान्यात तो कुडकुडत होता, त्यानं एकदाच धीर केला, आणि उत्तर म्हणून खालून हसू आलं. पुन्हा काठी उचलणं त्याला जमलं नाही.

 शेवटी मी उठले आणि चिमटा तिच्या हातात दिला. "उद्या चॅपेलमध्ये मी डेनिसबद्दल बोलणार आहे. नळीबद्दल आणि ठोक्याबद्दल, माझं जेवढं आहे तेवढं. तुझं मी बोलणार नाही. ते माझं नाही."

६

रविवारी प्रार्थनेनंतर चॅपेलच्या मागच्या दालनात चहा असतो. मी डेनिसला निरोप धाडला होता. तो आला, पण दारापाशीच उभा राहिला, टोपी हातात. शीला त्याला चिकटून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी चमचा कपावर वाजवला. 

"बुधवारी मी हिल्डापुढे म्हणाले की डेनिसनं बारीक नळी घातली. ते चूक होतं. नळी दहाची आहे आणि त्या खोलीला दहाचीच हवी. बाथरूमची नळी वेगळी आहे. तो सांगत होता, मी ऐकलं नाही. डेनिस, सगळ्यांसमोर तुला चुकीचं ठरवलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

डेनिसनं मान खाली घातली. शीला रडायला लागली.

"आणि दुसरं. चहाच्या दिवशी वरून ठोका ऐकू आला होता. मी म्हणाले नळी आहे. ती नळी नव्हती. वॉल्टर काठी आपटून बोलावत होता. जीन उठली होती, मी तिला बसवलं."

 मला वाटलं संपलं, म्हणून खाली बसले. पण हिल्डा ती हिल्डाच.

"ते ठीक आहे, ऑड्री. पण नळी बरोबर होती तर रेडिएटर गार का होता?"

"ते मी सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाही म्हणजे? अगं, लोक परत डेनिसचंच नाव घेणार. नळी नसेल तर दुसरं काही बिघडवलं असेल त्यानं."

डेनिसचा चेहरा पुन्हा उतरला. तेवढ्यात किटलीपाशी उभ्या असलेल्या जीननं किटली खाली ठेवली. ती त्या दिवशी चहा ओतण्याच्या पाळीवर होती.

"मी बंद केला होता," ती म्हणाली. "माझे बाबा अंथरूण ओलं करतात. खोली गरम झाली की वास येतो. म्हणून मी तो बंद केला आणि खिडकी उघडली." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तुम्ही येणार होतात म्हणून."

रॉय तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.  तिचा लाल, फुटलेला हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि त्या हातांकडे पहिल्यांदाच बघतोय तसा बघत राहिला.

हिल्डाचे ओठ हलले. मांजराचं ते वाक्य तिला आठवलं असावं, कारण ती पांढरीफटक पडली. मग पर्स काखेत धरून ती डेनिसपाशी गेली. "डेनिस, माझ्याकडचं काम... तू करशील का रे?" असं तिनं विचारलं. हिल्डाला कुणापुढे विनंती करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तो म्हणाला, "करीन की, बाई." बाकी सगळ्या आपापल्या कपात बघत होत्या.

आणि मग जमिनीखालून आवाज आला. 'ठक्.' एकच.

ती नळीच होती. चॅपेलची जुनी लोखंडी नळी, खाली पट्टी नसलेली, गेली चाळीस वर्षं अशीच वाजणारी. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरीही आम्ही बसलेल्या सगळ्या उठून उभ्या राहिलो.